सात ओळी

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्री अडीचला
केळीचा ट्रक येऊन उभा राहतो,
हुसेन तडवी माऊस हलवतो
आणि पडद्यावर पिवळा पक्षी उघडतो.
ओरिओल.
कुठल्याशा थंड देशात जन्मलेली प्रणाली,
फुकट नव्हे, मोकळी.
हा फरक मी त्याला नऊ वर्षांपूर्वी
दोन कप चहात समजावला होता.
तो म्हणाला, म्हणजे आपला हळद्या.
तेव्हापासून हळद्याच.

तेव्हा पावतीवर ‘शेतकऱ्याचे नाव’ फुटायचं.
ऱ्य ची पापणी गळायची,
र एकीकडे, य दुसरीकडे,
मध्ये पाय मोडलेलं काहीतरी.
जुना प्रिंटर, चोवीस सुया, त्यातल्या दोन बोथट.
फैजपूरच्या दुकानात दिवसा मोबाइलच्या काचा बदलायच्या,
रात्री या एका अक्षरापाशी बसायचं.
तीन आठवडे.
शेवटी सात ओळी झाल्या. पाठवल्या.
यान्नो नावाच्या कुणा माणसानं
एक स्वल्पविराम सुधारून त्या आत घेतल्या.
त्यानं विचारलं होतं एवढंच:
हे अक्षर कशासाठी लागतं?
मी लिहिलं, शेतकऱ्यासाठी.
मग वाटलं, अपुरं आहे,
म्हणून खाली लिहिलं: वाऱ्यालाही लागतं.

मंगळवारी कळलं, हळद्या विकला गेला.
जो कुणाचाच नव्हता तो विकला कसा?
नाव विकलं, म्हणतात.
सर्व्हर विकले, जागणाऱ्यांचे पगार विकले,
पक्ष्याचा पिवळा रंगसुद्धा.
नव्या चिन्हात तो करडा आहे आणि त्याला डोळा नाही.
कंपनीच्या पत्रात लिहिलंय, काहीही बदलणार नाही.
तीनदा लिहिलंय.
दोनदा लिहिलं असतं तर मी झोपलो असतो.

यान्नोला निरोप टाकला.
उत्तर यंत्रानं दिलं:
हा पत्ता आता वापरात नाही.

दुकानामागे वासुदेव फेगड्यांची बाग.
त्यांना सगळं सांगितलं, जमेल तसं.
ते म्हणाले, बाग कापली म्हनून केय मरते का?
बुडाशी पील अस्ते ना. पीलबाग धर.
खरंच आहे.
ओळी मोकळ्या होत्या, मोकळ्याच राहणार, परवाना तसाच आहे.
कुणीही उचलाव्यात, नवं नाव द्यावं, वाढवाव्यात.
पण स्वतः फेगडे आता
कंपनीची रोपं आणतात, मोजून, पावतीवर.
पूर्वी शेजाऱ्याच्या बागेतून गाडीभर कंद यायचे,
त्यांची पावती कुणी मागितली नव्हती,
त्यांच्यासोबत रोगही यायचा, तोही फुकटच.
मी विचारलं, तिसऱ्या पिलाला घड केवढा येतो?
त्यांनी दोन्ही पंजे समोर धरले,
मग जवळ आणले,
आणखी जवळ.

मी सगळं उतरवून घेतलंय.
तीन डिस्कवर. एक दुकानात, एक बहिणीकडे यावलला,
एक हुसेनच्या घरी ज्वारीच्या डब्यात.
माझ्या सात ओळी आहेत त्यात, पाहून घेतल्या.
स्वल्पविरामही आहे.
पण उद्या नवा प्रिंटर आला,
उद्या कुठे भोक पडलं आणि चोर आत शिरला,
तर रात्री उठून बसणारा यान्नो
ज्वारीच्या डब्यात मावत नाही.
माझं म्हणाल तर
मला एका अक्षराचं येतं.

हुसेन म्हणतो, ते जाऊ दे,
मले एवढंच सांग, काटा बंद पडीन का?
मी म्हणतो, नाही.
तो माझ्याकडे बघत राहतो.
या हंगामात तरी नाही, मी म्हणतो.

प्रिंटर खरखरतो.
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ,
आणि वर, सावकाश, एकेका सुईनं,
शेतकऱ्याचे नाव.
पापणी जागेवर.
हुसेन पावती फाडून खिडकीतून देतो.
अमृतसरचा ड्रायव्हर न वाचताच तिची घडी घालतो,
खिशात ठेवतो
आणि गिअर टाकतो.