वरंबा

बोट पाण्यातून गेली की मागं दोन वरंबे उठतात,
मधे सरी, फेसानं गच्च भरलेली.
जुबेदा त्याला वेक म्हणते.
खंडूकाकांना इंजिनाच्या आवाजात ऐकू येतं एक.
"एकावरनं उडी मारायची व्हय? मारा की.
मग दोनावरनं कधी?"

येलदरीचं धरण, मार्गशीर्षातली सकाळ.
जिंतूरहून स्कूटीवर आले ती बोटं बधिर घेऊनच.
काठावर जाळी वाळत घातलेली, चुलीवर चहा,
चुलीपाशी माझ्यावर भुंकून दमलेलं एक कुत्रं.
वय एकेचाळीस. पतसंस्थेत कॅशिअर.
पायात दुसऱ्या कुणाचे बूट, दीड नंबर मोठे,
पुढं मोजे कोंबलेत.

पहिले चार रविवार नुसतं उभं राहण्यात गेले.
पाण्यात उकिडवं बसायचं
आणि दोर ताणला की स्वतःला ओढू द्यायचं.
ओढू द्यायचं, ओढायचं नाही.
सतरा वर्षं काचेमागं नोटा मोजल्यात मी,
समोरून कुणी काही ओढलं
की माझा हात आधी मागं येतो.

पाचव्या रविवारी जुबेदा म्हणाली, आता लाट.
दोन हंगाम मालवणात काढून आलेली पोरगी,
बोटीच्या मागच्या फळीवर उलटी बसून ओरडते:
"लांब जा, अजून लांब! आता टाचा रोव, वळ.
जोर हळूहळू वाढव, सगळा सुरुवातीलाच काय संपवायलीस?
मूठ कमरेशी! नाकाशी नाही, कमरेशी!
आणि लाटंवर गुडघे मोडू नको.
ताठ उभी राहा. लाटच फेकती तुला."

मूठ कमरेशी.
जिथं मुलगी बसायची, डाव्या कडेवर, तिथं.
एवढं जमलं.

पण गुडघे.
माझ्या माहेरच्या घराची चौकट बुटकी होती,
वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही.
लाट जवळ आली की अंगाला वाटतं चौकट आली.
मी वाकते. लाट खालून निघून जाते,
आणि मी पलीकडं, तोंडावर.

पाणी मऊ असतं ही अफवा आहे.
नाकातून थेट कवटीत चढतं,
तिथं माशांचा वास ठेवून उतरतं.
या पाण्याखाली एक गाव आहे म्हणतात.
मैत्रिणीला वाटतं, मला तिथं गेल्यावर तेच आठवत असेल.
खरं सांगू? मला गुडघे आठवतात.

अकरावी खेप. की बारावी.
टाचा रोवल्या. दोर तारेसारखा झाला.
डावा वरंबा आला, काळपट, वर पांढरी किनार,
आणि मी, का कोण जाणे, वाकायची विसरले.

बोर्डाखालची खडखड थांबली.
लाईट गेल्यावर कसं कळतं
की पंखा इतका वेळ वाजत होता,
तसं.

त्या शांततेत खंडूकाकांची मान मागं वळलेली दिसली,
ओठात विझलेली बिडी,
दूर पाण्यावर चांदव्यांचा थवा, त्यातला एक
माझ्याकडंच बघत असल्यासारखा.
दोर सैल झाला होता. कुणीही ओढत नव्हतं मला.

मग सरीतच आदळले, धप्पकन, दोन्ही वरंब्यांच्या मधे.
मूठ सुटली. आकाश, पाणी, आकाश, खोकला.

बोट वळून आली. इंजिन घुटमळलं.
"किती उडाले?" मी विचारलं.
जुबेदानं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.
"वीतभर. जरा कमीच."
मला वाटलं होतं घराएवढं.

खंडूकाका काहीच बोलले नाहीत,
फक्त एक बोट वर केलं.
मग थोडं थांबून, दुसरं.

दात वाजताहेत. उद्या सोमवार,
काउंटरवर बसताना कूस दुखणार.
पिवळा दोर पाण्यावरून सरपटत माझ्याकडं येतोय.
येऊ दे.
मूठ हाताला लागली की म्हणेन, चला.