छाट

अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याला
माझी पीएच.डी. आता पाठ झालीय.
'सहाच सेट ना, मॅडम?'
पिन मारण्याआधी
फोटो तेवढा सरळ करतो.

या वेळी मुलाखत साडेतीन मिनिटं.
एकानं आडनाव विचारलं,
मग पुन्हा आडनाव विचारलं.
विषयाचं कुणी काही नाही.
जागा भरलेली आहे हे शिपायालाही ठाऊक,
पाणी त्यानंच दिलं.

घरी अम्मा, मांडीवर सूप,
बोटांना तंबाखूचा वास.
हजारातल्या ऐंशी बिड्या छाट निघाल्या म्हणाली,
त्यांची मजुरी नाही.
'मग परत दिल्या?'
'परत कशाला देतील, पोरी?
ठेवून घेतात.'

सोमवारपासून त्याच कॉलेजात
माझे आठवड्याला नऊ तास आहेत,
तासिका तत्त्वावर.