आतलं मेण

हॉटेलवाल्याने बारा रांजण सांगितले,
कुतैसीच्या रस्त्यावर, कारंज्याभोवती मांडायला.
"रिकामेच राहणार, बातोनो ओतिया.
वाइनचा थेंबही पडायचा नाही त्यांत.
आतून काही लावत बसू नका, भाजणंही जरा कमी चालेल."
रबर लावलेली गड्डी टेबलावर ठेवली
आणि गाडी वळवताना अक्रोडाखालची आमची कोंबडी
थोडक्यात वाचली.

वडील नाही म्हणतील अशी मला भीती होती.
भट्टीवरचे पत्रे त्या वर्षी बदलायलाच हवे होते.
पण त्यांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले,
आणि हात मातीत घातले.

दिवसाला चार बोटं. त्याहून जास्त भिंत चढत नाही,
चढवलीच तर रात्रीतून बसते, पोट सुटलेल्या माणसासारखी.
चार बोटं, मग थांबायचं.
खालची माती वरचीचं ओझं घेण्याइतकी घट्ट होईपर्यंत
लाकडं फोडायची, आईच्या कबरीवरचं गवत उपटायचं,
शेजारच्या बोंदोशी सोंगट्यांवरून भांडायचं.
मे गेला, जून गेला.
रांजण माझ्या कमरेशी आले, मग खांद्याशी,
मग वडील शिडीवर.
भट्टी सात दिवस. सातही रात्री ते तिथेच, मोडक्या खुर्चीत,
ज्वाळेचा रंग बघत.
कुणी विचारलं तर म्हणत, झोपलो होतो.

रांजण अजून कोमट होते तेव्हा बोंदोकडून मेण आलं.
हिशेब मी ठेवते. वहीत आकडा लिहिताना पेन थांबलं.
"मेण कशाला? आत काही भरायचंच नाहीये.
त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय!"
वडील कमरेपर्यंत रांजणात होते, नुसते पाय बाहेर.
आतून आवाज आला, जाड, गोल, जणू दुसऱ्याच कुणाचा:
"मला वेगळं येत नाही, नानुली."

बस्स. ना उपदेश, ना पणजोबांची गोष्ट.
मी चिडले. ताटं आपटली.
पत्र्यांचे पैसे पातेल्यात वितळताना पाहिले
आणि वास इतका गोड, की आणखीच राग आला.

सोमवारी, औषधांच्या दुकानात,
मालकिणीने लेबलांची गुंडाळी दिली:
जुन्या तारखेवर नवी तारीख.
"खोकल्याचं तर औषध. कोण मरतंय?"
खरंच, कोण मरतंय.
सहा बाटल्यांना लावली.
सातवी उजेडात धरून आत बघितलं,
का, कोण जाणे. आत काय दिसणार, लाल पाणी.
मग आधीची सहा नखाने सोलत बसले.
गोंद नखात राहिला.
नोकरी महिनाअखेरीपर्यंत राहिली.

हे मी वडिलांना सांगितलं नाही.
दुकान बंद होतंय म्हणाले.
त्यांनी मान हलवली आणि त्या रात्री
माझ्या ताटात चीजचा मोठा तुकडा ठेवला,
त्याचं मला अजून कोडं आहे.

पत्रे जुनेच आहेत. पाऊस आला की खाली बादली.

ऑगस्टात हॉटेलवाल्याचा फोन आला.
तुमच्या रांजणांत मधमाश्या शिरतात,
पाहुणे घाबरतात,
काय घातलंय तुम्ही आत?
फोनवर हात ठेवून मी अंगणात विचारलं.
वडील माती तुडवत होते, विजार गुडघ्यावर दुमडलेली.
"कितव्या रांजणात?"
मी विचारलं. सांगितलं, सगळ्या.
"बाराही?"
"बाराही."
त्यांनी क्षणभर पाय थांबवला,
बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं,
आणि पुन्हा माती तुडवायला लागले.