एका बाजूचं माप

काटोल रोडवर गोरेवाडा मागे टाकला
की उजवीकडे पाटी येते:
आरोग्य-निवास. तीन दिवस. सात्त्विक भोजन समाविष्ट.
लेकीने पैसे भरले, मला विचारलं नाही.
चौथ्या किमोनंतर मला कुणी काही विचारत नाही,
"जेवलीस का" सोडून.

फाटकाशी मोबाइल जमा केला, बिल्ला मिळाला:
रत्नमाला निखारे, आणि पुढे एक हसरा सूर्य.
आजार कुठेच लिहिला नव्हता.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहाटे पाचला शंख.
मग दुधीचा रस, मग श्वास.
सर म्हणाले, आत घ्या निळा प्रकाश,
बाहेर सोडा काळा धूर.
इतवारीत बत्तीस वर्षं मशीन चालवलेली बाई मी.
डोळे मिटले तर अस्तराचं कापड दिसलं,
धुतल्यावर दोन बोटं आटणारं.

"रोग शरीराच्या आधी मनात येतो," सर म्हणाले.
चांगला माणूस. तिशीतला. केस दाट.
मी मनाला विचारलं, कधी आला गं?
दिवाळीच्या घाईत, अठ्ठावीस ब्लाउज बाकी असताना?
मन म्हणालं, मले काय माहीत बापा,
मी तं काजं करून राहिली होती.

तोंडाला धातूची चव. डॉक्टर म्हणतात, औषधाने.
मला ती जुनीच ओळखीची आहे.
ओठांत टाचण्या धरून
अर्ध्या इतवारीशी बोलले मी:
हात वर करा. हं. श्वास सोडा.

दुसरी खाट टेंभुर्णे मॅडमची. कामठीच्या,
शाळेत भूगोल शिकवायच्या.
दुसऱ्या रात्री, मौनाचे तास चालू असताना,
अंधारातून आवाज आला, "तुमचं कोणतं?"
"डावं."
"माझं उजवं.
म्हणजे दोघींत मिळून एक जोडी भरते."
उशीत तोंड खुपसून हसलो आम्ही,
माझे टाके दुखेपर्यंत.

मग म्हणाल्या, ब्लाउजात रुमाल कोंबते,
फळ्यावर नकाशा काढायला हात उचलला
की गळ्याशी येतो.
पोरी बघतात. पोरी काही म्हणत नाहीत.

मी दिवा लावला. पर्समध्ये टेप असतोच.
एका बाजूला नेहमीसारखं माप,
दुसऱ्या बाजूला बरगड्या
आणि एक शिवण, तिरपी, काखेपर्यंत.
"हात साफ आहे डॉक्टरचा," मी म्हटलं.
कारागिराची कदर करावी.
लिहायला कागद नव्हता.
होता तो 'आजाराला पत्र लिहा' म्हणून दिलेला,
दिवसभर कोराच.
त्यावर लिहिलं: उंची चौदा, मुंढा सोळा,
अस्तर मऊ मलमलचं,
उजवीकडे आतून कप्पा, कप्प्यात मोहरी,
वजनाला.

सकाळी दाराशी तिघी उभ्या. मौनातच.
बोटांनी सांगत: डावं. डावं.
तिसरीने दोन बोटं दाखवली.
माप कुठून घ्यायचं?
मी मौन मोडलं. म्हटलं, तुम्हाला पाहिजे तेवढं सांगा.
ती विचारात पडली.
किती वर्षांनी तिला हे कुणी विचारलं असेल.

शेवटच्या दिवशी अग्निकुंडाकडे जाताना
वाटेवर मोहाची फुलं सांडलेली, पिवळट, ओली.
एक तोंडात टाकलं.
गोड नाही लागलं. टाचणीच.
पण वास आला, पूर्ण आला,
आणि मी जरा थांबले. मागच्यांना पुढे जाऊ दिलं.

सगळ्यांनी आपापली पत्रं जाळली.
कुणी रडलं, सरही.
माझा कागद मी दिला नाही.
चार ऑर्डरी होत्या त्यावर.

मंगळवारी पाचवा किमो.
शुक्रवारी, उठवलं तर, ट्रायल.