सलाला

शुक्रवारची दुपार. रुवीतली सगळी शटरं खाली.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
आणि मी, वय वर्षं सेहेचाळीस, दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारी बाई,
साडेअकरा रियाल मोजून
कुऱ्हाडवाल्याला पुन्हा विकत घेतलंय.

नवा आहे म्हणे. मुळापासून घडवलेला.
खरंच आहे. आता त्याला गुडघे आहेत.
दाढीचा केस न् केस वाऱ्यावर हलतो,
जंगलात धुकं आहे, धुक्याला खोली आहे,
पाण्यात पडला तर अंगरखा भिजतो
आणि वर आल्यावर बराच वेळ निथळत राहतो.
आमचा कुऱ्हाडवाला सोळा-सतरा चौकोनांचा होता.
तोंड नव्हतंच. एक गुलाबी ठिपका,
त्यालाच आम्ही त्याचा स्वभाव समजायचो.

कुन्हीमोनच्या दुकानातली पिवळी कॅसेट,
वर भलत्याच कुठल्या तरी खेळाचं चित्र.
लागली नाही की श्रीरंग फुंकायचा,
डोळे मिटून, शंख फुंकावा तशी.
पहिला खेळाडू कायम तोच.
मी दुसरी. म्हणजे तो मेला की मी.
तो मरायचाच नाही.
मी आपली मांडीवर दुसरा रिमोट घेऊन
बटणं दाबत बसायचे, सरावाला.

त्या खेळात मागे जाता यायचं नाही.
पडद्याची डावी कड पाठीला लागून चालत यायची,
सुटलेलं नाणं सुटलं ते सुटलं.
शाळेत अरबीच्या तासाला उजवीकडून डावीकडे,
घरी आलं की डावीकडून उजवीकडे;
मला वाटायचं, मोठं होणं म्हणजे
यातलं एक काहीतरी ठरवणं.

पण तिसऱ्या पुलाखाली एक चूक होती.
भिंतीला पाठ लावून उडी मारली
आणि हवेतच कुऱ्हाड उगारली
की तो विटांच्या आत शिरायचा
आणि पलीकडे निघायचा, निळ्यात.
नुसतं निळं. राक्षस नाहीत, घड्याळ नाही, गुण नाहीत.
पायाखाली काही नसून उभा राहायचा.
परतीची वाट नव्हती, मशीनच बंद करावं लागे.
श्रीरंगने त्याला नाव दिलं सलाला,
कारण बाबा दर जूनला म्हणायचे,
खरीफला सलालाला जाऊ, नारळ, धबधबे, अगदी आपलं गुहागर;
आणि दर सप्टेंबरला म्हणायचे, पुढच्या वर्षी.
तिथे पोचला की श्रीरंग
त्याचा रिमोट माझ्या हातात द्यायचा.
घे, फीर, म्हणायचा.

आज मी त्या भिंतीशी पंचवीस उड्या मारल्या.
वीट आता वीट आहे. शेवाळ, भेग, भेगेतून चाललेली मुंगी.
कुऱ्हाड आपटली की ठिणगी उडते, खण्ण वाजतं.
माहितीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय:
मूळ खेळातील त्रुटी दूर केल्या आहेत.

मागे मात्र जाता येतं आता. हवं तितकं.
मी गेले, पार पहिल्या झाडापर्यंत.
तिथे झाड होतं.

श्रीरंग सोहारला असतो. गाडीने अडीच तास.
चिंचवडच्या फ्लॅटवरून आम्ही
मागच्या रमजानपासून बोललेलो नाही.
मी लिहिलं: सलाला बंद केलंय रे.
दोन निळ्या खुणा. मग काही नाही.
खाली अस्रची बांग झाली. शटरं एकेक वर जाऊ लागली,
कुणीतरी दुकानापुढे पाणी शिंपडलं,
बादली भरली, मी ओतून आले.

तेव्हा आलं: कुठल्या विटेशी उभी होतीस?
सातव्या.
आठवी गं. कायम आठवीच होती.

मी पुलाच्या टोकापासून मोजल्या. पुन्हा मोजल्या.
कुऱ्हाडवाल्याची पाठ आठव्या विटेला लावली.
तो श्वास घेतो आता, नुसता उभा असला तरी,
खांदे वर-खाली होतात.
उडी अजून मारलेली नाही.
श्रीरंग काहीतरी लिहितोय.