खिसा

कंधारच्या बाजारात, भांड्यांच्या गल्लीत
खैरून आपा बुरखे शिवतात.
मी म्हटलं, उजव्या हाताला खिसा पाहिजे, खोल.
खडू, पास, घराची किल्ली.
त्यांनी ओठांतली टाचणी काढली, हसल्या :
"खिसा मागणारी या महिन्यातली तू चौथी."

बाही मोजून झाल्यावर विचारलं,
आपा, अल्लाहनं हे का सांगितलं असेल?
मशीन थांबलं नाही.
"ओढणीची आयत वाचलीस,
तिच्या आधीची वाचलीस का?
तिथं मर्दांना सांगितलंय, नजर खाली.
आमचे हे पंचवीस वर्षं त्या पहिलीवरच अडलेत."
ओट्यावर चहा पिणारा माणूस
खोकला, आणि पेपरात शिरला.

मग दातानं धागा तोडत, जरा हळू :
"आणिक एक लिबास असतो, तक्व्याचा.
त्याचं माप मला घेता येत नाही.
ज्याचा त्यानं शिवायचा.
रोज उसवतो गं, रोज."

एप्रिल. नांदेड गाडी.
मानेवरून घाम उतरतो.
शेजारची कॉलेजातली मुलगी विचारते, गरम नाही होत?
होतं ना, मी म्हणते. खूप होतं.
ती आणखी काही विचारणार
तर लोह्याचा स्टँड येतो, ती उतरते.

काय सांगितलं असतं?
की फज्रनंतर, अजून अंधार असतो,
हा अंगावर घेताना
घरात कुणीच बघत नसतं मला
एक तो सोडून.

खिशाची शिवण सुटलीय.
किल्ली अस्तरात गेलीय कुठंतरी,
चालताना वाजते.