पत्रा तीन बाय सहा

कोरवडीच्या माळावर बोर्ड लिहायला बोलावलंय मला.
हत्तरगीच्या फाट्यावरनं आत, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता,
सायकलच्या कॅरिअरला पत्रा, हँडलला रंगाचे डबे.
नाव काय लिहायचं ते तिथं गेल्यावर कळंल, म्हणालेत.

तिथं गेल्यावर कळलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

मशाक मुजावर म्हणतो, चमनशा वली.
निंगाप्पा गुरव म्हणतो, चिमणनाथ.
दोघंही हळू बोलतात, भांडल्यासारखं नाही,
जेवणावळीनंतर भांड्यांच्या ढिगातून
आपापली परात ओळखून काढावी तसं.

पंचायतीचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता:
वर कन्नड पाहिजे बघा, मोठं. खाली काय लिहायचं ते लिवा.
मला माहीत आहे ते.
माझ्या बापानं लिहिलेल्या पाट्यांवर दोनदा डांबर बसलं,
एकदा त्यांच्या पोरांनी, एकदा आमच्या.
पुसायला रॉकेल तेवढंच लागलं.

चहा झाला.
मी चिंचेखाली बसून राहिलो, अमावस्या होती, माणसं येत होती.
संकेश्वरची एक बाई, रात्रभर रडणारं पोर घेऊन:
अज्जा, एवढं झोपू दे ह्याला.
हाजरांबीनं मोरपिसांचा कुंचा पोराच्या पाठीवरनं फिरवला,
निंगाप्पानं कपाळाला अंगारा लावला.
अंगारा त्याच धुपाटण्यातला,
मघाशी मशाकनं ऊद घातलेल्या.
एक मेंढपाळ आला, देवरू म्हणाला.
नव्या ट्रॅक्टरचा मालक बाबा म्हणाला, लिंबू ठेवलं, घाईत गेला.
एक म्हातारी काहीच म्हणाली नाही,
नुसतं उंबऱ्याला डोकं टेकून श्वास घेत राहिली.
मापाच्या वहीत मी नावं टिपत गेलो.
अकरा झाली. मग पेन्सिलचं टोक मोडलं.

तालुक्याला दगड पडले त्या सालची गोष्ट
मशाकनंच सांगितली, लिंबाच्या काडीनं दात कोरत.
नऊ दिवस इकडं कुणी फिरकलं नाही.
आपण जावं तर त्यांना काय वाटंल, असं ह्याला,
आणि तसंच त्याला, ओढ्याच्या पलीकडं.
खरं दिवा चालू होता.
ह्याला वाटलं गुरव घालतोय तेल,
गुरवाला वाटलं, मुजावर.
दहाव्या दिवशी दोघं एकदमच आले
आणि बघतात तर कोनाडा भरून तेल ओघळलेलं,
भिंतीवरनं फरशीवर, फरशीवरनं पायरीला.

हाजरांबी मधेच म्हणाली,
मी पहाटे येत होते की.
आणि मल्लव्वा, गुरवाची सून, पदराआडनं:
मी रात्री. मला काय ठाऊक, दिवा भरलेलाच असायचा,
खरं आणलेलं तेल परत न्यायचं कसं?

डाग अजून आहे. हात लावला तर बोटं चिकटतात.

मग ठरलं, पत्रा राहू दे, नाव भिंतीवरच लिहा,
कोनाड्याच्या वर, देवाला दिसंल असं.
मी सांगितलं, तेल प्यालेल्या भिंतीवर रंग धरत नाही.
ऐकंनात.
चुन्याचा हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला,
आणि 'च' काढला. दोन्ही नावांत तो होताच.
संध्याकाळपर्यंत 'च' खाली सरकत सरकत
पणतीपर्यंत आला आणि तिथंच फुगून फुटला.
पोर खदखदून हसलं, रात्रभर रडणारं तेच.

शेवटी फाट्यावर लावायच्या पत्र्यावर
मी एक बाण काढला. नुसता.
मजुरी दोन घरांतनं निम्मी निम्मी आली,
वर कागदात बांधलेला मलिदा.

बाण कुठल्या रंगात भरायचा
हे मात्र राहिलंय.
हिरवा म्हणालं कुणी, कुणी म्हणालं भगवा,
पंचायतीचा पोरगा म्हणाला, लाल-पिवळा.
मल्लव्वानं पुन्हा चहा ठेवलाय.
डब्यातला रंग साय धरायला लागलाय,
आणि मी काडीनं ढवळत बसलोय.